पंधरा किलोमीटर, तेरा वर्षं

चर्चगेट ते वांद्रे हे जेवढं अंतर, साधारण तेवढंच अंतर जॉर्ज रीड नावाचा एक खेळाडू आपल्या संपूर्ण कारकिर्दीत चेंडू घेऊन पुढे गेला. नेमका आकडा १६,११६ यार्ड, म्हणजे जवळजवळ पावणेपंधरा किलोमीटर. अव्वल मॅरेथॉन धावपटू हे अंतर पाऊण तासात संपवेल. रीडला १९६३ ते १९७५ अशी तेरा वर्षं लागली. तरीही तो निवृत्त झाला तेव्हा अमेरिका आणि कॅनडा या दोन्ही देशांच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन इतकं अंतर धावलेला दुसरा खेळाडू नव्हता.

रीड ज्या कॅनडियन फुटबॉलमध्ये खेळला, त्याचे नियम धावणाऱ्याला अनुकूल नाहीत. तिथे चेंडू हातात घेऊन पळण्यापेक्षा लांब फेकणं जास्त फायद्याचं ठरतं. अशा खेळात धावण्याचा एवढा मोठा विक्रम कसा उभा राहिला? या प्रश्नाचं उत्तर शोधताना तो खेळही आपोआप कळत जातो.

तीन संधी, त्यातली एक राखीव

इथे फुटबॉल म्हणजे मेस्सी-रोनाल्डोचा खेळ नव्हे. लांबट, दोन्ही टोकांना निमुळता चेंडू, डोक्यावर हेल्मेट, खांद्यांना जाड पॅड आणि प्रत्येक चालीत धडकाधडकी असलेला हा उत्तर अमेरिकी खेळ. अमेरिकेतला त्याचा अवतार टीव्हीमुळे आपल्याकडे थोडाफार ओळखीचा झाला आहे. कॅनडातला अवतार त्याचाच सख्खा भाऊ, पण स्वभावाने वेगळा.

चेंडू ज्या संघाकडे असतो त्याला तो ठरावीक संधींत दहा यार्ड, म्हणजे नऊ मीटरच्या थोडं वर, पुढे न्यावा लागतो. या संधीला ‘डाउन’ म्हणतात. दहा यार्ड झाले की नव्याने संधी मिळतात आणि असं करत करत समोरच्या संघाच्या गोलक्षेत्रात पोहोचलं की टचडाउन, म्हणजे सहा गुण. अमेरिकेत अशा चार संधी असतात, कॅनडात तीनच.

वरवर पाहता फरक एकाच संधीचा दिसतो, पण शेवटची संधी कोणी सहसा खेळत नाही. ती वापरून दहा यार्ड पुरे झाले नाहीत, तर चेंडू आहे त्याच जागी प्रतिस्पर्ध्याला द्यावा लागतो, तोही कदाचित आपल्याच गोलक्षेत्राजवळ. म्हणून शेवटच्या संधीवर संघ चेंडूला लाथ घालून तो लांब धाडतात आणि धोका टाळतात. ही राखीव संधी वजा केली की अमेरिकी संघाकडे खऱ्या अर्थाने तीन प्रयत्न उरतात, कॅनडियन संघाकडे दोन.

मैदानही मोठं. अमेरिकेतलं १०० यार्ड लांब आणि सुमारे ५३ यार्ड रुंद, तर रीड ज्यावर खेळला ते ११० यार्ड लांब आणि ६५ यार्ड रुंद. खेळाडू अकराऐवजी बारा. शिवाय चाल सुरू होण्याआधीच पास झेलणारे खेळाडू पळत पळत पुढे येऊ शकतात, त्यामुळे ते पहिल्या क्षणापासून वेगात असतात. रुंद मैदान, वेगात निघालेले झेलणारे आणि हाताशी दोनच प्रयत्न, हे सगळं एकत्र धरलं तर कोणताही प्रशिक्षक म्हणेल की चेंडू फेका. कॅनडात आजही बहुतेक तसंच होतं.

पाच यार्डांचं गणित

दोन प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे एका प्रयत्नाला पाच. पाचवीतल्या मुलालाही येईल असा हा भागाकार, पण कॅनडियन फुटबॉलमधल्या धावण्याचं सगळं अर्थशास्त्र त्यात सामावलं आहे. जो धावपटू दर खेपेला सरासरी चार यार्ड मिळवतो, तो अमेरिकेत उपयोगी असतो. तीन खेपांत बारा यार्ड होतात, काम भागतं. कॅनडात तोच माणूस दोन खेपांत आठ यार्डांवर अडकतो आणि संघाला चेंडू लाथाडून द्यावा लागतो.

आता रीडचे आकडे पाहा. कारकिर्दीत त्याने ३,२४३ वेळा चेंडू नेला आणि १६,११६ यार्ड मिळवले. भागाकार केला तर येतात ४.९७. म्हणजे ज्या पाचाच्या काठावर या खेळाचं गणित उभं आहे, नेमक्या त्या काठावर हा माणूस तेरा वर्षं टिकून होता. मला त्याच्या सगळ्या विक्रमांपेक्षा हा आकडा जास्त बोलका वाटतो.

सरासरी मात्र फसवी असते. चार वेळा शून्य आणि एकदा पंचवीस यार्ड मिळाले तरी सरासरी पाचच येते, पण असा धावपटू संघाला फारसा उपयोगी नाही. संघाला हवी असते खात्री. पहिल्या संधीवर एकच यार्ड मिळाला, तर दुसऱ्या संधीवर नऊ हवेत. मग चेंडू फेकला जाणार हे मैदानातल्या सगळ्यांना आधीच कळतं आणि बचाव करणारे झेलणाऱ्यांना घेरून उभे राहतात. पहिल्याच संधीवर पाच-सहा यार्ड मिळाले, तर उरतात चार-पाच. एवढं अंतर धावूनही मिळू शकतं, फेकूनही. बचावफळीला दोन्हींची तयारी ठेवावी लागते आणि तिची ताकद विभागली जाते. चांगल्या धावपटूची खरी किंमत या उरलेल्या पर्यायात असते. आकडेवारीच्या रकान्यात ती कुठेच लिहिली जात नाही.

रीडच्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे प्रत्येक चाल सुरू करणारा आणि चेंडू फेकणारा सूत्रधार, होता रॉन लँकेस्टर. क्वार्टरबॅक म्हटल्यावर उंचापुरा गडी डोळ्यांसमोर येतो. लँकेस्टर तसा नव्हता, त्याला ‘लिटल जनरल’ म्हणत. पुढे कारकिर्दीत पन्नास हजारांहून अधिक यार्ड पास फेकणाऱ्या या माणसाच्या यशात रीडचा वाटा मोठा होता. समोरचे बचावपटू रीडला अडवायला पुढे सरसावले की त्यांच्या मागे मोकळी जागा पडे, आणि लँकेस्टर चेंडू तिथे टाके. दोघेही १९६३ सालीच या संघात आले होते.

अर्ध्या सेकंदाची फट

रीड खेळायचा फुलबॅक म्हणून. क्वार्टरबॅकच्या मागे काही यार्डांवर उभं राहायचं, चाल सुरू होताच त्याच्या हातून चेंडू पोटाशी घ्यायचा आणि सरळ समोरच्या गर्दीत घुसायचं. बाजूने वळसा घालून पळणाऱ्या चपळ धावपटूंपेक्षा हे काम वेगळं. यात दिखाऊ असं फार काही नसतं.

आधी काम असतं पुढच्या रांगेचं. आपले धिप्पाड लाइनमन समोरच्या धिप्पाड लाइनमनांना बाजूला रेटतात. फट पडते ती माणूसभर रुंदीची आणि जेमतेम अर्धा सेकंद टिकणारी. धावपटू लवकर पोहोचला तर फट उघडलेली नसते, उशिरा पोहोचला तर बुजलेली असते. रीडचं नशीब असं की त्याच्यासमोर टेड अर्नेस आणि अल बेनेसिक यांच्यासारखे नामांकित लाइनमन होते. धावण्याचा विक्रम एकाच्या नावावर लागतो, पण तो पाच-सहा जणांनी मिळून केलेला असतो. त्या पाच-सहांची नावं अशा लेखांतही एका वाक्यात उरकली जातात.

फटीतून पलीकडे गेल्यावर पहिली धडक बसते, आणि इथून पुढचं सारं भौतिकशास्त्र. रीडचं वजन सुमारे ९३ किलो. समजा तो सेकंदाला सहा मीटर वेगाने येतोय आणि समोरून १०० किलोचा बचावपटू तीन मीटर वेगाने आला. वजन गुणिले वेग म्हणजे संवेग, धडकेतला ज्याचा त्याचा जोर. रीडचा जोर ५५८, समोरच्याचा ३००. दोघे एकमेकांना चिकटले तरी २५८ एवढा जोर रीडच्या दिशेने शिल्लक राहतो. १९३ किलोचा तो गठ्ठा सेकंदाला साधारण १.३ मीटर वेगाने पुढेच सरकत राहतो. पायांचा रेटा आणि जमिनीचं घर्षण धरलेलं नाही, पण कल्पना येते. पंचाची शिट्टी वाजेपर्यंत एक सेकंद गेला, तर जवळजवळ दीड यार्ड फुकटात मिळाला. आता रीड सहाऐवजी तीन मीटरच्याच वेगाने आला असता तर? त्याचा जोर २७९ आणि समोरचा ३००. गठ्ठा मागे सरकला असता.

म्हणून फटीजवळ येताना कचरून वेग कमी करणारा फुलबॅक हरतो. खांदा समोरच्याच्या खांद्यापेक्षा खाली ठेवायचा, पावलं लहान टाकायची म्हणजे दोन्ही पाय शरीराखालीच राहतात, आणि पकड बसल्यावरही पाय चालवत राहायचं. कबड्डीत पकडला गेलेला चढाईपटू मध्यरेषेकडे जसं अंग झोकून देतो, तसंच हे. कबड्डीत मात्र रेषेला बोट लागलं तर सगळं मिळतं, नाहीतर काहीच नाही. इथे प्रत्येक वीत मोजली जाते, कारण धावपटूला मागे ढकललं तरी तो पुढे जिथवर पोहोचला होता तिथेच चेंडू ठेवला जातो. रीडच्या सोळा हजार यार्डांत अशा वीत-वीत झुंजीचा वाटा फार मोठा होता.

एका यार्डाची मोकळी पट्टी

कॅनडियन नियमांत धावणाऱ्याच्या बाजूची एक गोष्ट आहे, आणि ती फुलबॅकच्या फार कामाची. चाल सुरू होण्यापूर्वी बचाव करणाऱ्या संघाला चेंडूपासून पूर्ण एक यार्ड दूर उभं राहावं लागतं. अमेरिकेत दोन्ही रांगांमध्ये जेमतेम चेंडूच्या लांबीएवढंच अंतर असतं.

एखाद्या यार्डाने काय बिघडतं? समजा तिसरी, म्हणजे एरवी लाथ मारून द्यायची संधी आहे, आणि हवाय फक्त एक यार्ड. अमेरिकेत रांगा नाकाला नाक भिडवून उभ्या असतात, तिथे पुढे सरकायच्या आधीच टक्कर होते. कॅनडात समोरचा माणूस यार्डभर लांब आहे. चाल आपणच सुरू करणार, त्यामुळे आपली रांग आधी हलते. तो पोहोचेपर्यंत हवा असलेला यार्ड जवळजवळ पार झालेला असतो. म्हणूनच थोडकं अंतर उरलेलं असताना कॅनडियन संघ तिसरी संधीही बेधडक खेळतात. मग दोन प्रयत्नांत दहाऐवजी नऊच झाले तरी चालतं, उरलेला एक यार्ड फुलबॅक काढून देतो. रीडसारखा माणूस संघात असला की दोन संधींचा खेळ हळूच अडीच संधींचा होतो.

गोलरेषेजवळही हेच. रीडने धावून केलेल्या टचडाउनची संख्या १३४. पास झेलून केलेले आणखी तीन धरले तर एकूण १३७.

मिसिसिपी ते रिजायना

रीडचा जन्म २ ऑक्टोबर १९३९ रोजी अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या विक्सबर्गचा. तो वाढला वायव्येला, वॉशिंग्टन राज्यातल्या रेंटन गावात, आणि वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाकडून खेळला. १९६३ मध्ये तो कॅनडातल्या सस्कॅचवान रफरायडर्स संघात दाखल झाला. सस्कॅचवान हा गव्हाच्या शेतांचा सपाट, थंड प्रांत, तेव्हाची लोकसंख्या दहा लाखांच्या आत. संघाची मालकी कुणा धनाढ्याची नाही, लोकांची. मोसम नोव्हेंबरपर्यंत चालतो, आणि तोवर रिजायना शहरात गोठवणारा वारा सुटलेला असतो. अशा वाऱ्यात फेकलेला चेंडू भरकटतो. पोटाशी धरलेला चेंडू भरकटत नाही, हेही रीडच्या पथ्यावर पडलं असणार.

त्याच्याआधी ही वाट जॉनी ब्राइटने मळली होती. १९५१ मध्ये अमेरिकेत एका महाविद्यालयीन सामन्यात या कृष्णवर्णीय खेळाडूवर प्रतिस्पर्ध्याने जाणूनबुजून हल्ला केला आणि त्याचा जबडा मोडला. त्या प्रसंगाच्या छायाचित्रांना पुलित्झर पुरस्कार मिळाला. अमेरिकी व्यावसायिक संघाने निवड करूनही ब्राइट कॅनडात गेला आणि १०,९०९ यार्डांचा विक्रम करून १९६४ मध्ये थांबला. रीडने तो १९७१ मध्ये मागे टाकला. कॅनडात सारं आलबेल होतं असं मात्र नाही. रिजायनात भाड्याचं घर शोधताना कृष्णवर्णीय म्हणून त्रास झाल्याचं रीडने पुढे स्वतःच सांगितलं. मैदानावर टाळ्या वाजवणारं गाव घराची किल्ली द्यायला कचरतं, हे काही फक्त कॅनडातच घडतं असं नाही.

१९६५ मध्ये त्याने १,७६८ यार्ड मिळवले. मैल १,७६० यार्डांचा असतो, म्हणजे एका मोसमात मैलाच्या वर आठ यार्ड. त्या वर्षी तो लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. पुढच्या वर्षी संघ ग्रे कपच्या, म्हणजे कॅनडियन फुटबॉलच्या विजेतेपदाच्या सामन्यात पोहोचला. याआधी आठ वेळा अंतिम सामना खेळून हा संघ आठही वेळा हरला होता. १९६६ मध्ये व्हँकूव्हरला रफरायडर्सनी ऑटावाला २९-१४ असं हरवलं. रीडने १३३ यार्ड मिळवले, चौथ्या सत्रात ३१ यार्डांची धाव घेऊन टचडाउन केला आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्यानंतर १९६७, १९६९ आणि १९७२ असे आणखी तीन अंतिम सामने तो खेळला, तिन्ही हरला. १९७२ चा तर अगदी शेवटच्या क्षणी, १३-१० असा.

> चौकट : रीडचे यार्ड, वर्षागणिक
>
> १९६३ : ७५१
> १९६४ : १,०१२
> १९६५ : १,७६८
> १९६६ : १,४०९
> १९६७ : १,४७१
> १९६८ : १,२२२
> १९६९ : १,३५३
> १९७० : ८२१
> १९७१ : १,१४६
> १९७२ : १,०६९
> १९७३ : १,१९३
> १९७४ : १,४४७
> १९७५ : १,४५४
>
> एकूण १६,११६ यार्ड. तेरापैकी अकरा मोसमांत हजाराच्या वर. चेंडू नेला ३,२४३ वेळा. जर्सी क्रमांक ३४, रफरायडर्सनी कायमचा निवृत्त केलेला.

शेवटचे दोन आकडे

या चौकटीतल्या पहिल्या आकड्यांकडे लक्ष जातं, पण खरं कोडं शेवटच्या दोन वर्षांच्या ओळींत आहे. धावपटूंची कारकीर्द लहान असते. रोजच्या धडकांनी गुडघे, घोटे, खांदे झिजतात, आणि फट दिसणं व तिथे पोहोचणं यातलं क्षणाचं अंतर वाढत जातं. तिशी ओलांडली की यार्ड घटतात, हा या धंद्याचा जवळजवळ नियमच. १९७० मध्ये रीड ८२१ वर आला तेव्हा तो एकतीस वर्षांचा झाला होता. तो संपला असं कुणाला वाटलं असेल तर त्यात नवल नव्हतं. पुढच्या पाचही वर्षांत तो हजारापार गेला, आणि पस्तिशीत, निवृत्तीच्या उंबरठ्यावर, १,४४७ आणि १,४५४.

याचं एक कारण त्याच्या शैलीतच असावं. नुसत्या वेगावर जगणाऱ्या धावपटूचा वेग गेला की सगळं जातं. रीडचं काम वेळ साधण्याचं, खांदा खाली ठेवण्याचं, तोल राखण्याचं. ही कौशल्यं वयाबरोबर पिकतात. शिवाय खाली वाकून धडकणारा माणूस धडक नुसती सोसत नाही, ती देतोही. तरीही ३,२४३ वेळा गर्दीत घुसून पुन्हा उभं राहणं केवळ शैलीने जमत नाही. काही शरीरं वेगळ्या मातीची असतात, एवढंच त्यावर म्हणता येईल.

तुलनेसाठी अमेरिकेतला जिम ब्राउन पाहू. नऊ मोसमांत १२,३१२ यार्ड मिळवून तो ऐन उमेदीत थांबला. हा आकडा रीडने १९७३ मध्ये ओलांडला. दोन लीगचे नियम वेगळे, त्यामुळे थोर कोण हा वाद निष्फळ आहे. पण ज्या लीगमध्ये धावणं तोट्याचं समजतात तिथे मोठा आकडा उभा राहिला, हे नोंदवण्यासारखं आहे.

खेळत असतानाच, १९७२ मध्ये, तो खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष झाला आणि १९८१ पर्यंत त्या पदावर राहिला. १९७८ मध्ये त्याला ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’ हा सन्मान मिळाला. पुढच्याच वर्षी कॅनडियन फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. १ ऑक्टोबर २०२३ रोजी, चौऱ्याऐंशीव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, त्याचं निधन झालं.

मग विक्रम कोणाचा?

आज एकूण यार्डांचा विक्रम माइक प्रिंगलच्या नावावर आहे. त्याने २००४ मध्ये रीडला मागे टाकलं आणि १६,४२५ वर थांबला. प्रिंगलची सरासरी साडेपाच यार्ड, रीडपेक्षा सरसच. १९९८ मध्ये मॉन्ट्रियलकडून २,०६५ यार्ड मिळवून एका मोसमात दोन हजारांची रेषा ओलांडणारा या लीगमधला तो पहिला. पण तेव्हा मोसम अठरा सामन्यांचा होता, रीडच्या १९६५ च्या मोसमात सोळा. सामन्यामागे भागलं तर प्रिंगलचे ११४.७ आणि रीडचे ११०.५, म्हणजे फरक चारेक यार्डांचाच. १९७५ मध्ये कॅल्गरीच्या विली बर्डनने सोळा सामन्यांत १,८९६ यार्ड काढले, तो या हिशोबाने दोघांच्याही पुढे जातो. एका मोसमाच्या तेजाचा निकाल लावायचा तर बर्डन किंवा प्रिंगल.

थोडकं अंतर उरलं आहे, वारा सुटला आहे, समोरच्या सगळ्यांना ठाऊक आहे की चेंडू याच माणसाकडे जाणार, अशा वेळी कोणावर भरवसा ठेवायचा, असा प्रश्न असेल तर माझं मत रीडला. धावून केलेले १३४ टचडाउन आणि ३,२४३ वेळा चेंडू नेणं, हे त्याचे दोन्ही विक्रम प्रिंगललाही मोडता आले नाहीत, आणि ते आजही त्याच्याच नावावर आहेत.